दहा दिवस छपरीत

आता तुमच्यापासून काय लपवायचं! उभ्या आयुष्यात एकच विमान जवळून पाहिलं, आणि त्यातल्या माणसाला मीच कोंडून ठेवलं. हसा, हसा. चहा सांडू नका म्हणजे झालं.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. प्लेगची साथ होती आणि मी कडा गावच्या नाक्यावर कारकून. हुकूम असा, की बाहेरून येणारा माणूस गावाबाहेरच्या छपरीत दहा दिवस राहील आणि त्याचं सामान दिवसभर उन्हात पडेल. सख्ख्या मामालाही मी सोडलं नव्हतं! त्यात आठवड्यावर माझं लग्न. नवरी गावातलीच, त्यामुळे सासऱ्यासमोर रुबाब दाखवायची एक संधी मी सोडत नव्हतो.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेब लांबच्या वस्तीवर निघाले होते. जाता जाता म्हणाले, "आज लस येनार हाय. नीट लक्ष ठिव. गावाला टोचल्याबिगर तुज्या लग्नाला परवानगी न्हाई!"

झालं! मी जो रस्त्याकडे डोळे लावून बसलो, तो पापणी हलवायला तयार नाही.

दुपारी डोक्यावर घरघर झाली आणि माळावर चक्क विमान उतरलं! अख्खं गाव धावलं. सगळ्यांच्या पुढे काठी घेऊन कोण? मी!

"मागं सरा! बाहेरचा मानूस हाय, शिवू नका!"

विमानवाला छातीशी पेटी धरून खाली उतरला. "डॉक्टर किधर है? दवा लाया हूँ, जल्दी!"

दवा? आदल्याच दिवशी एकाने दवा म्हणून ताडी आणली होती. मी काय फसतोय!

"छपरी में चलो. दस दिन!"

"अरे मियाँ, मैं उड के आया हूँ! रास्ते में कोई मिला ही नहीं!"

"हुकूम में उडनेवाले को सूट नहीं!"

सासरेबुवा खूश होऊन "शाब्बास!" म्हणाले. मग काय विचारता! मी त्याला दंडाला धरून छपरीत नेलं, पेटी उचलून उन्हात ठेवली आणि विमानाच्या चाकांना चुनासुद्धा मारला. त्या बिचाऱ्याने अंगातला कोट काढून पेटीवर घातला आणि स्वतः उन्हात तिला सावली करून उभा राहिला. मला वाटलं, ताडी भलतीच महागाची दिसतेय.

मी परत नाक्यावर. डोळे रस्त्यावर.

दिवस कलताना डॉक्टर आले. "आली का लस?"

"न्हाई साहेब. एक बी गाडी आली न्हाई."

"गाडी कावून? इमानानं यायची व्हती!"

अरे देवा! पळत छपरी गाठली. त्या कोटाच्या कृपेने लस शाबूत होती. डॉक्टरांनी विमानवाल्याला मिठीच मारली. "ह्यांनी लस टोचून घेतलीय. सोडा यांना."

मी काठी बाजूला ठेवतोय, तोच सासरे पुढे आले. "साहेब, आमी समदे लांब हुतो. जावईबापूंनी मातर ह्यांचा दंड धरला, पेटी उचलली. आन् जावयाला लस टोचल्याली न्हाई!"

गाव हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. विमान उडालं आणि मी छपरीत!

मुहूर्त टळला नाही बरं का. गावाने दंड पुढे करून लस टोचून घेतली, परवानगी मिळाली आणि छपरीभोवतीच्या काटेरी कुंपणाचा अंतरपाट करून लग्न लागलं. नवरी बाहेर, मी आत. मंगळसूत्र मी काठीच्या टोकाला अडकवून पलीकडे दिलं, ते सासूबाईंनी बांधलं.

दहा दिवस भरले. वळकटी काखेत मारून, मिशी पिळत मी घरी पोचलो. दारात नवी बायको उभी.

"वळकटी उनात टाका. दिसभर."

"बरं. आन् मी?"

"तुमी बी."