आम्हांला गप्प बसायला शिकवणाऱ्या भामरे मॅडम

प्रा. इंदुमती भामरे यांची आणि माझी पहिली भेट धुळ्याला, प्राध्यापकांच्या उजळणी वर्गात झाली. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी मूळचा सांगलीकडचा; पारोळ्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागून चार वर्षं झाली होती. वरच्या वेतनश्रेणीसाठी या वर्गाचं प्रमाणपत्र लागे, म्हणून आलो होतो. शिकायचं काही उरलं आहे, असं मला वाटत नव्हतं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी प्रत्येकाला त्याची अडचण विचारली. मी उभं राहून ऐटीत सांगितलं, "माझी मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत. इकडची मुलं मुळातच अबोल."

मॅडम स्वतः इकडच्याच, शिंदखेडा तालुक्यातल्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वहीत काहीतरी टिपून म्हणाल्या, "येते मी पारोळ्याला. ऐकू तुमची मुलं."

आमचा वर्ग शनिवार-रविवारी भरे. मधल्या बुधवारी मॅडम खरोखरच एसटीने आल्या, मांडीवर भलामोठा टेपरेकॉर्डर घेऊन. "कंडक्टर वाटेत दोनदा विचारून गेला, ताई, स्कोर काय झाला?" उतरता उतरता त्यांनी सांगितलं. मग शेवटच्या बाकावर बसून त्यांनी माझा अख्खा तास टेप केला.

शनिवारी तो सगळ्यांसमोर लावला. पाऊण तासात मुलांचा आवाज दोनदाच आला: हजेरीला 'येस सर' आणि मध्येच एक शिंक. त्या शिंकेवरही मी 'सायलेन्स!' म्हणून ओरडलो होतो. प्रश्न मी विचारत होतो आणि मुलांनी श्वास घ्यायच्या आत उत्तरही मीच देत होतो. सोळा प्राध्यापक पोट धरून हसत होते. मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

मॅडमनी टेप थांबवली. "आवाज छान आहे हो तुमचा. आता ही दुसरी ऐका."

दुसरी टेप त्यांच्या स्वतःच्या तासाची होती, जुनी. त्यात मॅडम माझ्याहूनही अधिक बोलत होत्या. शिंकसुद्धा त्यांचीच होती. माझी लाज त्यांनी अशी अर्धी वाटून घेतली. पुढे अनेक नवख्या प्राध्यापकांसाठी त्यांनी ती टेप वाजवली.

पुढच्या शनिवारी वर्गावर वसतिगृहात स्वयंपाक करणारे सुका आबा आले. आमच्यातले बरेच जण बाहेरगावचे. आबांनी आम्हांला तासभर फक्त अहिराणीतून अहिराणी शिकवायची आणि इथल्या मंडळींनी मागे बसून कुणालाही काही सांगायचं नाही, असा मॅडमचा हुकूम होता. आबांनी हातातलं उलथनं छडीसारखं धरलं होतं.

"तुमनं गाव कोनतं शे?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "हो."

"बठा खाले. सकाय पाठ करीसन या."

सकाय म्हणजे उद्या, हेही मला कळलं नाही. सकाळी यायचं समजून मी मान डोलावली. भाषाशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक चष्मा सावरत म्हणाले, "आबा, 'माले' ही चतुर्थी धरायची का?"

"आम्ही तिले 'माले'च म्हंतस," आबा शांतपणे म्हणाले.

 एम.ए.ला पहिला वर्ग मिळवलेला माणूस मी, आणि आबांची नजर चुकवायला बाकाखाली पेन शोधत होतो. पारोळ्याची माझी अबोल मुलं काय करत असतात, ते मला त्या तासाला समजलं.

शेवटच्या दिवशी मी धुळ्याच्याच महाविद्यालयातल्या मुलांना प्रत्यक्ष पाठ द्यायचा होता आणि तो पाहायला बाहेरून एक निरीक्षक आले होते. प्रमाणपत्र त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. धड्यात एक स्टेशनमास्तर प्रवाशाला सांगतो, गाडी वेळेवर आहे. "तुम्हांला काय वाटतं?" मी इंग्रजीत विचारलं आणि मॅडमच्या सांगण्याप्रमाणे गप्प राहिलो. वर्ग गप्प. मीही गप्प. निरीक्षकांना ती शांतता सोसेना. ते स्वतःच उत्तर देऊ लागले.

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "मुलांचं आधी होऊ द्या."

तेवढ्यात नरडाण्याची एक मुलगी उठली. "सर, स्टेशनमास्तर खोटं बोली ऱ्हायना!"

खोटं बोलतोय, म्हणे. पूर्वी मी तिला 'इंग्लिश प्लीज' म्हणून खाली बसवलं असतं. या वेळी विचारलं, "हाऊ डू यू नो?" तिने ओठ चावले, शब्द जुळवले आणि इंग्रजीत सांगितलं: तो माणसाकडे बघतच नाही, नुसता घड्याळाकडे बघतो. मग पाच हात वर झाले.

निरीक्षकांनी मात्र शेरा मारला: 'इंग्रजीच्या तासाला बोलीभाषेचा वापर.' माझं प्रमाणपत्र अडलं. मॅडमनी लेखी कळवलं, 'हा वापर माझ्या सूचनेवरून झाला. जाब मला विचारावा.' महिन्याभरात मला प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या संचालकपदावरून मात्र मॅडमचं नाव गेलं. याचा त्यांनी मला कधी पत्ता लागू दिला नाही; मला ते दुसऱ्याकडून कळलं. मी धावत धुळ्याला गेलो, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. दर दुसऱ्या शनिवारी माझ्या घरी बसायचं ठरतंय. प्रमाणपत्र नाही, चहा आहे." पहिल्या बैठकीला आम्ही सात जण होतो. पुढे जळगाव, जामनेरहूनही मंडळी येऊ लागली आणि कपबश्या शेजाऱ्यांकडून मागवाव्या लागल्या.

त्याला पंधरा वर्षं लोटली; आता मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. परवा घरी गेलो, तर त्यांच्या समोर त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. ती सातपुड्याच्या पायथ्याची, आता शिक्षिका आहे. मॅडम तिच्याकडून तिची पावरी बोली शिकत होत्या.

"चुकलं, मॅडम. परत म्हणा," ती म्हणत होती.

"नीट यायला किती वर्षं लागतील गं?"

ती संकोचून म्हणाली, "तुमची गती बघता... वीस."

मॅडमना ही वीस वर्षं ठणठणीत तब्येतीत आणि न कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनिशी लाभोत. मग ती शिक्षिका त्यांना पास करो. आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्या तरी भाषेत नव्याने चुकायला आणखी वीस लाभोत, हीच आम्हां सर्वांची मनापासूनची इच्छा.