न विरजता लागलेलं

परवा अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोनं येत होते. शेजारच्या मुलीच्या मांडीवर रुमालात धरलेली इवलीशी काचेची बाटली होती, आत पिवळसर पाणी. गाडीला ब्रेक लागला की ती बाटलीवर हात ठेवायची, झोपलेल्या तान्ह्यावर ठेवावा तसा. मला कुठलं गप्प बसवतंय!

"औषध का गं?"

"नाही आजी, प्रयोग आहे. गार होता होता याचं जेल व्हायला हवं. आज नाही झालं तर सर म्हणालेत, हा रेणू सोडून दे."

"म्हणजे दह्यासारखं लागायला हवं. विरजण कसलं घातलंस?"

"विरजण नाहीच. रेणू आपले आपण जमतात. चपटे असतात ना, चपात्यांसारखी त्यांची चवड लागते. चवडींचे धागे, धाग्यांचं जाळं, आणि जाळ्यात सगळं पाणी अडकतं."

त्यांना कोण सांगत असेल हो, असं रचून बसा म्हणून?

घाटकोपर आलं, तरी ती काही बाटली उलटी करून बघेना. "ओघळलं नाही तर झालं. तुम्हीच बघा ना आजी. मला भीती वाटते."

मी बाटली हळूच उलटी केली. थेंबसुद्धा हलला नाही. "लागलं गं!"

"जेल झालं म्हणतात, आजी," ती डोळे पुसत म्हणाली. मग फोन कानाला लावून ओरडली, "सर, लागलं!"