म्हाकूआत्या आणि रोजची गोळी

म्हाकूआत्या मेंढराच्या पुढच्या पायांखाली हात घालून त्याला उचलत, क्षणभर तोलत आणि वजन सांगत. त्यावरून जंताच्या औषधाची मात्रा ठरे. औंधला आमच्या शेजारी त्यांचा मेंढरे कोंडायचा वाडगा होता. पशुवैद्यांनी एकदा मुद्दाम काटा आणला, तेव्हा अर्ध्या किलोचा फरक निघाला. आत्या शांतपणे म्हणाल्या, "काटा जुना हाय का बघा, सायेब."

त्यांना अक्षर येत नव्हते. पण कोणती लस पावसाळ्याआधी टोचायची, गाभण मेंढीला काय पाजायचे नाही, हे सारे तोंडपाठ होते. पशुवैद्य वाडग्याच्या कडेला बसून त्यांच्या प्रत्येक शंकेला उत्तर देत. एवढा साधा मान माणसांच्या दवाखान्यात त्यांना कधी मिळाला नाही.

रक्तदाब वाढला म्हणून मीच त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली आणि "रोज एक" एवढेच सांगितले. कशापायी आणि किती दिवस, असे आत्यांनी विचारले, तोवर पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले होते. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. बरे वाटू लागले म्हणून ही गोळी सोडायची नसते, हे मला ठाऊक होते. तरीही डॉक्टरांच्या देखत आपण काय बोलावे, या संकोचाने गप्प राहिलो. आणि घरी आल्यावरही तो विषय काढला नाही.

पुढे सांगलीहून एक निसर्गोपचारवाले आले. देवळामागच्या सभागृहात त्यांनी दोन तास सांगितले की गोळी म्हणजे विष, शरीर आपले आपण दुरुस्त होते. शेवटी चूर्णाचे डबे विकले. अडुळशाच्या काढ्याने माझाही खोकला थांबला आहे. माझा राग झाडपाल्यावर नाही. एका वाक्यात शेकडो माणसांची औषधे बंद करणाऱ्या त्या गोड आवाजावर आहे.

आत्या मात्र भुलल्या नव्हत्या. "लय बोलतोय त्यो," त्या मला म्हणाल्या, "पर बोलतोय तरी. आपला डाक्टर तोंडच उघडत न्हाई." मग गोळी का सोडली, याचा आपला हिशेब त्यांनी मांडला. "आवं गुरुजी, मेंढरू आजारी पडलं की तीन दिस औषिद. उठून चराय लागलं की बंद. बऱ्या जनावराला कुनी रोज पाजतंय व्हय? मी चरतीया की आता."

मेंढरांबाबत तो हिशेब बिनचूक होता. माणसाच्या रक्तदाबाला तो का लागू पडत नाही, हे सांगायला मला दोन मिनिटे पुरली असती. मी म्हणालो, "एकदा डॉक्टरांना विचारा." त्या हसल्या. तिथे विचारून उत्तर मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

चार महिन्यांनी वाडग्यातच त्या कोसळल्या. साताऱ्याच्या इस्पितळातून त्यांना घरी आणले, तेव्हा उजवे अंग गेले होते आणि जीभ जड झाली होती. निसर्गोपचारवाल्यांना मी फोन केला. त्यांचे उत्तर असे, की पथ्य पाळले नसेल.

गावातले डॉक्टर तपासायला आले. गोळ्या बंद केल्याचे कळताच ते आत्यांवर ओरडले. आत्यांनी एकेक शब्द ओढत विचारले, "रोज कशापायी, ते तवाच का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तरी तुम्हाला कळलं असतं का, आजी?"

"कळलं असतं," आत्या म्हणाल्या. "मेंढराचा डाक्टर सांगतोय, ते समदं कळतंय मला."

डॉक्टरांनी माझ्याकडे वळून स्मित केले. शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाकडे पाहून करावे तसे. आणि मी, केवळ सवयीच्या सभ्यतेने, उलट हसलो.

आत्यांनी ते पाहिले. डाव्या हाताने वाकळ ओढून त्यांनी तोंड भिंतीकडे केले. चौथ्या दिवशी त्या गेल्या. तोवर माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत.