बाई श्वास कुठं घेते?

सुजाता गेल्याचं मला कळलं ते डोंबिवलीच्या गाणंवेड्या लोकांच्या एका मोबाइल ग्रुपवरून, आणि माझा त्यावर विश्वास बसला नाही. याच ग्रुपवर तिच्या दुसऱ्या अल्बमची बदनामी सुरू झाली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिच्या फोटोभोवतीचा हार मला खोटा वाटला. हिला पुन्हा चर्चेत यायचं असेल, असंही क्षणभर मनात आलं. लाज वाटते लिहायला, पण आलं. मग कोपरीला कमळाआत्यांना फोन लावला. कमळाआत्या सुजाताच्या सख्ख्या आत्या, आई लवकर गेलेल्या पोरीला त्यांनीच वाढवलं. म्हणाल्या, "अरे अनिल, सकाळीच गेली रे ती. तुला कोणी सांगितलं नाय?" कोणी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नसेल, यावर मी पुढचे दोन दिवस संशय घेत बसलो. माझा स्वभावच तसा आहे. बायको म्हणते, तुम्हाला कोणी पेढा दिला तरी आधी पास झालं कोण ते विचारून घेता.

आम्ही दोघं कोपरीतल्या एकाच चाळीतले. कमळाआत्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती, खोपटपासून पार कल्याणपर्यंत त्यांना बोलावणी असत. त्या पार्टीची एक रीत होती. कोरसच्या बायका मात्रा मोजत नसत. आत्या ओळ संपवून जोरात श्वास घ्यायच्या, तो ऐकू आला की बायका ओळ उचलायच्या. सात-आठ वर्षांची असल्यापासून सुजाता त्या बायकांत उभी राहिली. पुढे कॉलेजात कोणीतरी तिला सोल ऐकवलं... अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं, चर्चमध्ये वाढून बाहेर पडलेलं गाणं. मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ असेल. तिने मला जिन्यात बसवलं आणि एक इअरफोन माझ्या कानात खुपसला. "अन्या, ऐक ना यार. ही बाई आपल्या आत्यासारखाच श्वास घेते!" मला काही ते पटलं नव्हतं. पण त्यानंतर ती मराठीत सोल लिहायला लागली. नळावरची भांडणं, बंद पडलेल्या कंपनीच्या गेटवर रोज जाऊन बसणारे वडील, असले तिचे विषय.

पहिला अल्बम आम्ही विहाराच्या हॉलमध्ये एका दुपारीत केला. दोन माइक, एक लॅपटॉप, आत्यांच्या पार्टीतल्या सहा बायका, आणि रेकॉर्डिंगला मी. पंखा बंद केला तर बायका घामाने बेजार, म्हणून पंख्याची खरखरही रेकॉर्ड झाली. लोकांनी तो अल्बम डोक्यावर घेतला. रिक्षावाले वाजवायचे, गॅदरिंगमध्ये पोरी गायच्या. अंबरनाथच्या एका नर्सबाईंनी तिला भेटून सांगितलं की ड्युटी संपली की ही गाणी लावल्याशिवाय घरी जाववत नाही. सुजाता हरखून गेली होती. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकत होती, कारण लोक तिचं कौतुक करत आणि जाता जाता म्हणत, "रेकॉर्डिंग तेवढं जरा बरं हवं होतं."

ते वाक्य मला लागलं, हे आता कबूल करतो. दुसऱ्या अल्बमपर्यंत मी वागळे इस्टेटमध्ये एका पॅकिंगच्या कारखान्यावरचा माळा घेऊन स्टुडिओ थाटला होता. पोट चालायचं जाहिरातींवर. सोनाराची दुकानं, शाळांचे प्रवेश, निवडणुकीत रिक्षांवरून फिरणारे आवाज. या धंद्यात वीस सेकंदांत सगळं बसवायचं असतं, म्हणून बोलणाऱ्याचा प्रत्येक श्वास कापतात. हाताला सवय होऊन जाते, श्वास दिसला की काप. सुजाताची गाणी आम्ही शुक्रवारी करायचो, खालची मशीनं बंद असताना. कोरसच्या बायका तिच्या बाजूलाच उभ्या राहून गायच्या, फक्त प्रत्येकीसमोर वेगळा माइक. नंतर मी हेडफोन लावून एकेक गाणं साफ करायला बसलो. तिचे श्वास पूर्वीपेक्षा मोठे आणि जवळजवळ येत होते, एका ओळीत दोन-दोन. मला संशय आला की हिने रियाज सोडलाय, नाव झालं आणि अंगात आळस भरला. म्हटलं, जाऊ दे, मैत्रीण आहे, सांभाळून घेऊ. दहाही गाण्यांतला तिचा प्रत्येक श्वास मी कापून टाकला. तिला ऐकवलं तेव्हा तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "भारी झालंय रे. पण मी कुठंय ह्याच्यात?" मला तो नखरा वाटला.

अल्बम आला आणि पहिला आठवडा बरा गेला. मग डोंबिवलीच्या त्या ग्रुपवर एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं, "सगळं ठीक, पण बाई श्वास कुठं घेते?" झालं. त्यांनी नुसता प्रश्न विचारला होता, उत्तरं लोकांनी शोधली. कोणी म्हणालं हा मशीनचा आवाज आहे, तिने नुसतं नाव दिलंय. ज्यांनी पहिला अल्बम डोक्यावर घेतला होता तेच म्हणायला लागले की तोही तसाच असणार, पंखा मुद्दाम घातलाय. मी भलत्याच माणसांवर डोळा ठेवला. आमचा कीबोर्डवाला नितीन या कंड्या पिकवतो असं धरून त्याच्याशी बोलणंच टाकलं. खरी शंका एकट्या आत्यांनी काढली. गाणं ऐकून त्यांनी मला विचारलं, "अरे, पण हितं आम्ही उचललं कशावर?" मी म्हटलं, आत्या, हल्ली असंच करतात.

मग डोंबिवलीत कार्यक्रम ठरला. मध्यंतरानंतर मागच्या रांगेतून एकजण उठला. "ताई, माइक बंद करून एक गाणं म्हणा की. म्हणजे आमचं समाधान होईल." लोक हसले, टाळ्याही पडल्या. सुजाताने माइक बाजूला ठेवला आणि दुसऱ्या अल्बममधलंच गाणं सुरू केलं. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्यात तिसऱ्या ओळीला तिचा दम तुटला. तिने खुर्चीचा आधार घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बसली... मी हॉलच्या मागे साउंडच्या टेबलाशी होतो, हातात माइक होता. "श्वास मी कापलेत," एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. माझी गिऱ्हाइकं त्या हॉलमध्ये बसली होती. बाहेर पडताना लोक म्हणत होते, "बघितलंत? नाहीच गाता येत."

ती कोणालाही काही म्हणाली नाही. मलाही नाही. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे तिच्या गप्प बसण्याचाही मी संशय घेतला, की ही एक दिवस सगळं बाहेर काढणार. मी तिला टाळायला लागलो. शेवटचा भेटलो तेव्हा तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार. डॉक्टर म्हणाले होते, तीन-चार वर्षांपासून असणार, कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी मनातल्या मनात हिशेब केला. तिचा एकेक श्वास मोठा करून, पुन्हा पुन्हा ऐकलेला माणूस जगात मीच होतो. तिने मला फक्त विचारलं, "चहा घेणार ना अन्या?"

पुण्यानुमोदनाला विहारात सगळे तिच्याबद्दल बोलले. नितीन माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मी नव्हतो रे." मला बोलायला सांगितलं तर घसा बसलाय असं खोटंच सांगितलं. नंतर आत्यांजवळ बसून मात्र सगळं कबूल केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिचं खरं गाणं आहे का अजून तुझ्याकडं?"

होतं. मूळ रेकॉर्डिंग आम्ही कधी पुसत नाही. गेल्या शुक्रवारी माळ्यावर बसून ते पहिल्यांदाच न कापता ऐकलं. चौथ्या गाण्याच्या आधी तिचा आवाज येतो, "अन्या, थांब ना जरा, दम लागतोय." लगेच माझा येतो, वैतागलेला, "नाटकं नको सुजे. चल, परत घे." ती हसते, मोठा श्वास घेते आणि गायला लागते.

तो अल्बम आता आम्ही जसाच्या तसा लोकांसमोर ठेवतोय. आत्या म्हणाल्या, "तुझं तेवढं बोलणं काढून टाक बाबा. लोक तोंडात शेण घालतील." माझं बोट त्या जागेवर गेलंही होतं. पण नाही काढलं. सुजाताने माझ्या वाटच्या शिव्या दोन वर्षं खाल्ल्या. आता त्या योग्य पत्त्यावर येऊ देत.