कपाटाची किल्ली

शाळेतल्या कारकूनबाईंना सगळे ‘खात्रीबाई’ म्हणत, आणि ते काही उगाच नव्हतं. घरातून निघताना त्या गॅस दोनदा बघत, कुलूप तीनदा ओढत आणि कोपऱ्यावरून मागे फिरून चौथ्यांदाही ओढत. म्हणून मतदान केंद्रावर ओळखपत्रं तपासायचं काम त्यांना मिळालं, तेव्हा केंद्रप्रमुख निर्धास्त झाले आणि रांग लांबली.

सकाळी त्यांचा नेहमीचा इस्त्रीवाला आला, ओळखपत्र घरी विसरून. बाईंच्या कपड्यांवरचा डाग न् डाग आपल्याला पाठ आहे, तरी बाई आपल्याला ओळखत नाहीत म्हणजे कमाल झाली, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, ओळखते, पण कागद लागतो. मागच्या खेपेला कुणीतरी दुसऱ्याच्याच नावावर मत देऊन गेलं होतं आणि खरा माणूस आ वासून उभा राहिला होता. इस्त्रीवाला फणकाऱ्याने गेला तो गेलाच. बाईंना दिवसभर चुटपुट लागून राहिली.

साडेपाचला बाईंची आई आली. वय एक्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे, आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. दार सहाला बंद होणार होतं आणि आईचे हात रिकामे होते. ओळखपत्र हरवू नये म्हणून बाईंनीच ते कपाटात कुलपात ठेवलं होतं, आणि किल्ली होती बाईंच्या पर्समध्ये.

पक्षांचे प्रतिनिधी म्हणाले, आमची हरकत नाही. केंद्रप्रमुखही म्हणाले, जाऊ द्या. बाईंना वाटलं, मग इस्त्रीवाल्याला कुठल्या तोंडाने परत पाठवलं?

त्यांनी किल्ली पुढे केली. ‘‘आई, जाऊन ये.’’

आई किल्ली घेऊन गुडघे सांभाळत निघाली. तीन जिने चढायचे, उतरायचे. बाईंचा एक डोळा यादीवर, एक घड्याळावर.

सहाला पाच कमी असताना बाहेर स्कूटर थांबली. पुढे इस्त्रीवाला, मागे आई. त्याचं दुकान बाईंच्या इमारतीखालीच. आईने त्याला बजावलं होतं, स्वतःचंही ओळखपत्र घे, तिथे माझी मुलगी बसली आहे.

बाईंनी फोटो पाहिला, आईचा चेहरा पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

‘‘अजून एकदा बघ,’’ आई म्हणाली, ‘‘नाहीतर रात्री झोपायची नाहीस.’’

दोघांची मतं झाल्यावर बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला. आईने शाई लागलेलं बोट वर ठेवून मूठ मिटली.

‘‘ही आता माझ्याकडे राहील.’’