बाईंच्या वाट्याची ओळ

नागभीडजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं सातच होती. चर्चची इमारत नव्हती. दर रविवारी एकेका घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, उपासना व्हायची. वाचता येणारी माणसं थोडी, म्हणून जुन्या पिढीने एक रीत घालून दिली होती. पवित्र शास्त्रातल्या काही ओळी माणसांमध्ये वाटलेल्या असत. ज्याच्या वाट्याला जी ओळ येई, ती त्याने जन्मभर तोंडपाठ सांभाळायची. वाचन झालं की त्या भागातली ओळ ज्याच्याकडे असेल त्याने उभं राहून ती म्हणायची.

सात घरांतला पहिला पदवीधर मी. चंद्रपूरला शिकत होतो तेव्हा या सात घरांतून माझ्यासाठी तांदूळ यायचा. ऐंशी सालानंतर कधीतरी बी.ए. होऊन परत आलो आणि वाचनाचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. त्याच सुमारास शहरातून एक प्रचारक येऊ लागले होते. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता, बोलणं फार छान होतं. ते मला म्हणाले, "जमाना बदललाय. दुःखाचं, वधस्तंभाचं ऐकायला आता कोण येतं? आनंदाचं तेवढं वाचत जा. छपरी पुरणार नाही तुम्हाला."

मला ते पटलं. खोटं कुठे सांगायचं होतं? थोडं गाळायचंच तर होतं.

धान कापून झालं होतं. त्या रविवारी शेजारच्या गावातलं एक जोडपं पहिल्यांदाच आलं. बायकोच्या मांडीवर चार वर्षांची पोर होती, आठ दिवसांपासून तापाने फणफणलेली. इथे प्रार्थना करतात एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

वाचन योहानाच्या शुभवर्तमानातलं होतं. पकडला जाण्याआधी येशू शिष्यांना सांगतो की या जगात तुम्हाला दुःख सोसावं लागेल, तरीही धीर धरा, कारण मी जगाला जिंकलं आहे. मी त्या वाक्यापाशी आलो आणि पोरीच्या सुकलेल्या ओठांकडे माझं लक्ष गेलं. दुःखाचा भाग मी गाळला. नुसता धीर आणि विजय वाचला. वर पदरचं एक वाक्य जोडलं, "विश्वास ठेवला की दुःख जवळ येत नाही."

पोरीच्या बापाचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो म्हणाला, "मंग आता दवाखान्यात न्याचं काम नाई ना, भाऊ?"

माझ्या हातातलं पुस्तक जड झालं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई उठल्या. तलावावर मासे धरून त्यांनी घर चालवलं होतं. नवरा आणि दोन मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. अक्षर एक येत नव्हतं. ती ओळ त्यांच्या वाट्याची होती, हे मी साफ विसरलो होतो.

त्यांनी ती पूर्ण म्हटली. दुःखासकट. मग माझ्याकडे वळल्या.

"काऊन रे बाबू, बी.ए. झाला अन् माही अर्धी ओळ खाऊन टाकली?"

छपरीत हशा पिकला. मी पुटपुटलो, "बाई, पाहुण्यांना वाईट वाटलं असतं."

"दुःखच नाई म्हणतं, तं धीर कायले धरू? लेकरं गेले तवा मले याच ओळीनं उभं ठेवलं. येशूनं आंधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मले तो खोटा वाटला नाई. तू अर्धंच सांगशीन, तं या पोरीच्या मायनं उद्या कोणावर भरवसा ठेवाव?"

मग बाई त्या जोडप्याजवळ जाऊन बसल्या. पोरीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "बरी होईन का नाई, मले ठाऊक नाई. तो तुमच्या संग राहीन, हे ठाऊक हाय. प्रार्थना करू, अन् आत्ताच दवाखान्यात नेऊ."

मी सगळ्यांसमोर ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी पूर्ण. पोरीच्या बापाला म्हणालो, "भाऊ, माझं चुकलं. दुःख येत नाही असं पुस्तकात कुठेच नाही." प्रार्थना झाल्याबरोबर बैलगाडी जुंपली. पोर बाईंच्या मांडीवर होती. मी गाडीमागे चालत होतो आणि वाटभर प्रार्थनेत मला ‘माझं चुकलं’ याखेरीज दुसरे शब्द सुचत नव्हते.

पोर वाचली. महिन्याभराने ते तिघं परत आले. मी बापाला विचारलं, आता काय मागायला आलात? तो हसला. "मांगाले नाई आलो, भाऊ. तुमच्या इथी चुकलं तं चुकलं म्हणतेत. म्हणून आलो."

प्रचारकांना मी सांगितलं की आमच्याकडे गाळून वाचता येत नाही, लोकांना पाठ असतं. ते हसले, पण पुढच्या खेपेला माझं वाचन शेवटपर्यंत ऐकत बसले.

छपरी काही भरून वाहिली नाही. सातची आठ घरं झाली, एवढंच. दोन वर्षांनी बाई थकल्या तेव्हा त्यांनी आपली ओळ त्या पोरीला दिली. पोर छपरीत उभी राहून ती ओळ खणखणीत म्हणायची, आणि मी पुस्तकात बोट ठेवून तिच्यामागोमाग वाचत जायचो.