दोन कोरे टायर

"कपलिंग गेलंय हिचं. रिजेक्ट मार," आमचे यार्ड मॅनेजर जाधव सर गाडीतून उतरत म्हणाले.

मी विकायला आलेल्या जुन्या गाड्या तपासतो. चाकणच्या आमच्या यार्डात रोज आठ-दहा गाड्या येतात, पण चारही चाकांना जोर देणारी छोटी गाडी वर्षातून एखादी. ही आल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते.

गिऱ्हाईकही तयार होतं. दापोडीच्या कांबळे सिस्टर. बदली भीमाशंकरकडच्या आरोग्य उपकेंद्रात, शेवटचा चढ मातीचा. त्यांची साधी गाडी तिथून दोनदा मागे फिरली होती. एकदा तर वर बाळंतीण वाट बघत होती.

पण स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवलं की ही गाडी ठेचकाळायची. इंजिनचा जोर मागच्या चाकांना देणारं युनिट म्हणजे कपलिंग. ते अडकलं की असंच होतं. सरांचं चूक नव्हतं, मला मात्र पटेना.

मी खाली बसून चाकं बघितली. पुढचे दोन टायर कोरे, मागचे निम्मे झिजलेले.

"अण्णा, हे कधी टाकले?"

मालक म्हणजे महाळुंग्याचे शिवळे अण्णा, गाडीला लेकीसारखं जपणारे.

"परवाच. गिऱ्हाइकाम्होरं बरी दिसाया नको व्हय?"

"आणि जुने?"

"हायेत की घरी. एकाचा नातवंडांनी झोका केलाय."

नवा टायर झिजलेल्यापेक्षा किंचित उंच असतो. साध्या गाडीत ते खपून जातं. इथे पुढची-मागची चाकं कमीजास्त फेरे घेतात, कपलिंगला वाटतं चाक घसरतंय, आणि ते पकड सोडतच नाही.

"सर, दोन तास द्या."

"झोका सोडायला?"

सोडला. नातवंडांनी भोकाड पसरलं. मागच्यांइतकेच झिजलेले ते जुने टायर पुढे चढवून यार्डात गोल मारले, गाडी लोण्यासारखी फिरली. मग सिस्टरना बोलावलं, शेजारी बसवून गाडी मागच्या प्लॉटवरच्या चिखलाच्या चढात घातली. पुढची चाकं घसरली आणि मागून असा रेटा आला, की मी पोरासारखा ओरडलो. वर पोचल्यावर सिस्टर म्हणाल्या, "उतरा. आता मी चालवते." तोच चढ त्यांनी तीनदा चढवला.

महिन्याभराने त्यांचा मेसेज आला: "रात्रभर पाऊस होता. वेळेत पोचले. बाळंतिणीला मुलगी झाली." मी तो जाधव सरांना दोनदा वाचून दाखवला.

नातवंडांचा झोका आता कोऱ्या टायरचा आहे. आणि मी आधी टायर बघतो, मग कपलिंगला नावं ठेवतो.